दुसऱ्याच्या घराचा उंबरठा

बंगळूरच्या इब्लूर चौकातून जो रस्ता आग्नेयेकडे सर्जापूर गावास जातो, त्याच्या दोन्ही अंगांस गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवे नगर उभे राहिले आहे. कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र ही नावे मुळात खेड्यांची; आज ती बसथांब्यांची आणि वसाहतींची नावे होऊन बसली आहेत. ज्या सर्जापूरची एकेकाळी विणकरांचे गाव म्हणून ओळख होती, त्याचे नाव आज बहुतेकांना केवळ रस्त्याचे नाव म्हणून ठाऊक असते. या रस्त्यावरील उंच इमारतींतून देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे राहतात आणि त्यांत मराठी बिऱ्हाडेही पुष्कळ आहेत. गेल्या दिवाळीत अशाच एका बिऱ्हाडी आम्हांस फराळाचे आमंत्रण होते. यजमान पतिपत्नी तरुण, मूळचे नागपूरकडचे, दोघेही संगणकाच्या व्यवसायात. आमच्यासमवेत आमच्या आत्याबाई होत्या. त्यांचे वय ब्याऐंशी वर्षांचे. बालपण आणि अकाली आलेल्या वैधव्यानंतरची बहुतेक सारी वर्षे वाईजवळच्या आमच्या गावच्या वाड्यात गेलेली.

घर पाहून आमचे मन प्रसन्न झाले, हे आरंभीच सांगितले पाहिजे. सर्जापूर रस्त्यावरील बहुतेक घरे आतून एकसारखी असतात. बांधणाऱ्याने पांढऱ्या भिंती आणि राखी फरश्या देऊन किल्ली हाती ठेवली की पुढची कित्येक वर्षे त्यांत फारसा फरक पडत नाही. येथे मात्र बैठकीच्या एका भिंतीला गडद निळा रंग होता, दुसरीला हळदीचा. जमिनीवर चेट्टिनाडच्या आत्तंगुडी गावाच्या फरश्या होत्या. लाल, पिवळ्या आणि हिरव्या फुलांची त्यांवरची नक्षी दिव्यांच्या उजेडात ओली असल्यासारखी चमकत होती. भिंतीशी दोन जुने सागवानी खांब उभे होते. त्यांच्यावर भार कशाचाच नव्हता. बाल्कनीत दगडी जात्याच्या तळीत एक वेल लावलेली होती. आणि दारातून आत येताच, चपला काढण्याच्या जागी, जाड लाकडाचे एक लांबट बाक लोखंडी पायांवर बसविलेले होते.

यजमानीण बाई मोठ्या आर्जवाने म्हणाल्या, “आजी, उभ्या का? बसा ना इथं निवांत.”

आत्याबाई बसेनात. त्यांनी वाकून त्या लाकडावर हात फिरविला आणि म्हणाल्या, “अगं बाई, हा उंबरा आहे. उंबऱ्यावर बसू नये.”

“नाही आजी, बाक आहे ते. मुद्दाम करून घेतलंय.”

“बाक तुम्ही केलंत गं. आहे तो उंबराच. हे बघ, मधे झिजलाय ना, तो पायांनी झिजलाय. आणि ही दार फिरायची खोबण.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “कुणाचं घर होतं हे?”

या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते. दुकानदाराने सांगितले नव्हते आणि घेणाऱ्यांनी विचारले नव्हते. आत्याबाईंसाठी आतून खुर्ची आली, चिवडा-चकल्या आल्या, बोलणे दुसऱ्या विषयांकडे वळले. परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. ज्याला आज घराचे स्वतःचे रूप म्हणतात, जुन्या वस्तूंनी, रंगांनी आणि नक्षीने घराला आणलेला जो स्वभाव, तो दुसऱ्या कोणाच्या घरातून उचलून आणता येतो काय? आणि येत असेल, तर तो आणण्याचा अधिकार कोणाला असतो?

परतीच्या वाटेवर आमचे उत्तर तयार होते. मनातल्या मनात आम्ही त्या तरुण दांपत्यास दोषी ठरवून मोकळे झालो होतो. पैसा हाती आला की माणसे पूर्वजदेखील विकत घेतात, असे एक वाक्यही जुळवून ठेवले होते. गाडी दोड्डकन्नेल्लीच्या गर्दीत अडकली असताना आत्याबाईंनी अगदी सहज विचारले, “आपला उंबरा कुठं गेला रे?”

वाचकहो, आमचा वाडा आम्हीच विकला. २००९ साली चौघा भावांनी कागदावर सह्या केल्या. राहण्यास कोणी नव्हते, पावसाळ्यागणिक एकेक भिंत खचत होती आणि डागडुजीचा खर्च कोणी करावा यावर एकमत होत नव्हते. जमीन एकाला गेली, लाकूडफाटा दुसऱ्याला. तुळया घनफुटाच्या दराने गेल्या, खांब नगावर गेले, कडीपाट उतरवून ट्रकमध्ये भरला गेला. माजघराचे दार कोठे गेले, देवघराची महिरप कोणी नेली, हे आम्ही विचारले नाही. उंबरठ्याला वेगळा भावसुद्धा नव्हता. तो चौकटीबरोबर गेला. आपल्या हिश्श्याची रक्कम घेऊन आम्ही रात्रीच्या गाडीने बंगळूरला परतलो. तेव्हा त्या बाकावर बसणारे दोषी, की तो उंबरठा बाजारात पाठविणारे आम्ही दोषी? निदान त्या मुलांनी लाकडाला किंमत दिली, त्याला तेलपाणी केले, दारातल्या मानाच्या जागी ठेवले. आम्ही तर ते घनफुटावर मोजले.

या कबुलीनंतर आमच्या न्यायासनाला काही अर्थ उरला नाही. म्हणून हा प्रश्न पुन्हा मुळापासून विचारात घेणे आम्हांस भाग पडले.

नक्षी आणि अलंकरण यांविरुद्धचा सर्वांत कडक अभियोग विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे वास्तुशिल्पी आडोल्फ लोस यांनी मांडला. त्यांनी अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीस बसविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु त्यामागचा त्यांचा युक्तिवाद पुष्कळदा विसरला जातो. नक्षी काढण्यात कारागिराचे श्रम फुकट जातात, त्याला मोबदला पुरता मिळत नाही, आणि वस्तू झिजण्यापूर्वीच तिची नक्षी जुनाट ठरून ती टाकून दिली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याआधीच्या पिढीतील इंग्लंडचे विल्यम मॉरिस यांचा विश्वास याच्या उलट होता. कारागिराला कामात लाभणारा आनंद म्हणजेच कला, असे ते मानीत; भिंतीचा कागद, पडद्याचे कापड, साधी खुर्ची यांतही तो आनंद उतरावा यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. परंतु हाताने केलेले काम महाग पडे आणि ते श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत जाई, ही खंत समाजवादी मॉरिस यांना अखेरपर्यंत राहिली. एकाचा निषेध आणि दुसऱ्याची खंत या दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: ही नक्षी कोणाच्या हातची, आणि तिचे त्या हातांना काय मिळाले? सौंदर्याचा विचार माणसापासून तोडता येत नाही, एवढे हे दोघे आपल्याला शिकवितात.

आत्तंगुडीची फरशी या कसोटीला लावून पाहावी. तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात, कारैकुडीपासून जवळच हे गाव आहे. तेथे फरशी भट्टीत भाजत नाहीत. काचेच्या तुकड्यावर धातूची चौकट ठेवतात, तिच्यात नक्षीचा साचा बसवितात, साच्याच्या एकेका घरात रंगीत सिमेंटचा पातळ काला हाताने ओततात आणि साचा अलगद उचलतात. मग त्यावर वाळू-सिमेंटचे थर देऊन फरशी दाबली जाते, वाळविली जाते, पाण्यात मुरविली जाते. काचेवरून सुटलेल्या अंगाला जी चकाकी येते ती त्या काचेचीच देणगी होय. ओतणाऱ्याचा हात किंचित हलला की पाकळीची कड हलते. म्हणून दोन फरश्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. सर्जापूर रस्त्यावरच्या घराने ही फरशी नव्याने करवून घेतली तर आजच्या कारागिराला आजचे काम मिळते. तेथे कोणाचे घर मोडावे लागत नाही. अशा घेण्यात आम्हांस दोष दिसत नाही. किंबहुना ते पुण्याचेच काम म्हणावे लागेल.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, नागपूरच्या माणसाच्या बंगळूरमधल्या घरात चेट्टिनाडची फरशी म्हणजे उसने रूप. त्यात मूळचे असे काय आहे? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, तथापि तो टिकत नाही. चेट्टिनाडच्या सावकारांनी ब्रह्मदेश, मलाया आणि सिलोन येथील व्यापारातून वाडे बांधले. त्यांत ब्रह्मदेशाचा साग, इटलीचा संगमरवर आणि परदेशी फरश्या होत्या. त्या परदेशी फरश्यांच्या धर्तीवरच आत्तंगुडीचे कसब वाढले. १९२२ साली सिधवा मंडळींनी भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना काढला तो स्वदेशीच्या प्रेरणेने. परंतु नक्षीदार सिमेंटच्या फरशीची कल्पना युरोपातूनच आलेली होती. ज्या कौलांना आपण मंगलोरी म्हणतो आणि ज्यांच्याविना कोकणातले घर डोळ्यांपुढे येत नाही, त्यांचा कारखाना बाझल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली मंगळूरला काढला. आमच्या वाड्याचे सुरूच्या घाटाचे खांब उत्तरेकडच्या मोगल आणि रजपूत इमारतींतून दक्षिणेत आले. त्यांच्यावर केळफुलाची नक्षी चढली, त्यांच्यामध्ये झोपाळा टांगला गेला, आणि पाहता पाहता ते मराठी झाले.

तंजावरचा दाखला तर आपणां परप्रांतवासी मराठ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे तेथे गेले ते नायकांच्या राजवाड्यात राहावयास. मराठ्यांनी तो पाडला नाही आणि जसाच्या तसाही ठेवला नाही. त्यात भर घातली, दरबाराचे दालन रंगांनी आणि चित्रांनी सजविले. सोन्याच्या वर्खाची आणि काचमण्यांची जी चित्रकला आज तंजावरची म्हणून दक्षिणेतल्या घराघरांत पूजिली जाते, ती याच मराठी राजांच्या आश्रयाने बहरली. १८५५ साली ते राज्य खालसा झाले. चित्रे मात्र तेथलीच होऊन राहिली. तेव्हा मूळ म्हणजे ज्यात कधीच कोणाची भेसळ झाली नाही ते, असे म्हणू लागलो तर मूळ असे काहीच शिल्लक राहणार नाही. परकी वस्तू एखाद्या घराच्या नित्याच्या राबत्यात शिरते, झिजते, तिला त्या घरचे नाव मिळते, तेव्हा ती त्या घरची होते. स्वभाव वस्तूबरोबर येत नाही. तो सहवासाने जडतो.

असे जर आहे, तर त्या बाकाचा उंबरठा आम्हांस खटकला तो कशामुळे? फरशी नवी होती; तिला मागचे घर नव्हते. उंबरठ्याला ते होते. आपल्याकडे उंबरठा म्हणजे नुसते लाकूड नव्हे. त्यावर रांगोळी निघते, हळदकुंकू वाहिले जाते, नवी सून त्यावरचे माप लवंडून घरात येते. घरातला मनुष्य अखेरचा बाहेर जातो तोही त्यावरूनच. हिरण्यकशिपूच्या कथेत नरसिंहाने घरात नाही आणि बाहेर नाही अशी जी जागा निवडली, ती उंबरठ्याचीच. त्यावर बसू नये ही रीत भीतीपोटी पडली असो वा आदरापोटी, ही आत-बाहेरची सीमा आहे एवढे भान तिने पिढ्यानपिढ्या राखले. त्या सीमेचे आसन झाले तेव्हा लाकूड वाचले, पण त्याचे काम आणि त्याचे नाव ही दोन्ही गेली.

“आम्ही वाचविले, नाहीतर त्याचे सरपण झाले असते,” हा अशा घरांचा नेहमीचा बचाव असतो, आणि तो पुष्कळ अंशी खराही असतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले तेव्हा कित्येक जुनी घरे कोसळली. त्यानंतरच्या काळात पुराने नेले नव्हते ते वाटण्यांनी आणि नव्या इमारतींनी नेले. चेट्टिनाडचीही हीच कथा आहे. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि सावकारांच्या पेढ्यांचा कणा मोडला. पुढे वारस दूरदेशी पांगले, वाडे ओस पडले आणि त्यांचे खांब कारैकुडीच्या जुन्या सामानाच्या बाजारात उभे राहिले. मेलेल्या घराची वस्तू घेण्यात पाप नाही. परंतु बाजाराचा एक नियम असतो. मागणी वाढली की मेलेल्या घरांवर भागत नाही. मग आजारी घरेही विक्रीला निघतात. वर्षभर कुलूप असलेल्या वाड्याच्या वारसाला जेव्हा कळते की एकट्या दरवाजाला शहरात मोठी किंमत येते, तेव्हा छत शाकारण्याचा विचार मागे पडतो. ज्याने शेवटचा खांब विकत घेतला त्याने कदाचित एक खांब वाचविला असेल. पण तशा शंभर जणांच्या हौसेने एखादा उभा वाडा आडवाही केला असेल.

मग योग्य आणि अयोग्य यांची रेषा कोठे काढावी? विचार करता करता आम्हांस आपल्या परंपरेतली एक जुनी रीत आठवली, ती दत्तकाची. मूल पोटचे नसते, तरी विधिपूर्वक घेतल्यावर ते त्या घरचे होते. त्याला कोणी उसने म्हणत नाही. त्या विधीचे मर्म तीन गोष्टींत आहे. ते मूल देणाऱ्याने आपल्या हाताने दिलेले असावे लागते, पळवून आणलेले चालत नाही. त्याचे आईबाप कोण, कूळ कोणते, हे घेणाऱ्याला ठाऊक असावे लागते. आणि घेणाऱ्याने त्याला केवळ मिरवायचे नसते. त्याचा सांभाळ करायचा असतो, त्याला घरचे हक्क द्यायचे असतात आणि घरची कामेही सांगायची असतात. जुन्या घरातून नव्या घरात येणाऱ्या वस्तूला याच तीन कसोट्या लावाव्यात, असे आम्हांस वाटते. ते घर खरोखर संपले होते काय? ही वस्तू कोठली, कशाची, हे आपण विचारले काय? आणि आपल्या घरी तिला काही काम आहे काय?

हे अशक्य नाही, याची साक्ष पुण्यातच आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी अनेक दशके गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, दरवाजे अशा घरगुती वस्तू जमविल्या. बालपणीच वारलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहास दिले आणि अखेर तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. गेलेल्या मुलाच्या नावे दुसऱ्यांच्या घरच्या वस्तूंचा सांभाळ करणे, याहून शुद्ध दत्तकविधान कोणते? कर्नाटकात मणिपाल येथे विजयनाथ शेणै यांनी पडू घातलेली जुनी घरे जागेवरून उतरवून पुन्हा उभारली. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानचे दरबार दालनही त्या वारसाग्रामात आहे. तेथे प्रत्येक घराला त्याचे गाव आहे, नाव आहे. सर्जापूर रस्त्यावरच्या बिऱ्हाडाने संग्रहालय व्हावे असा याचा अर्थ नाही. उलट संग्रहालयाला जे साधत नाही ते घराला साधते. संग्रहातली समई पुन्हा तेवत नाही. घरातली तेवू शकते.

तिसऱ्या कसोटीचे थोडे अधिक स्पष्टीकरण करावयास हवे. वस्तूचे काम बदलू नये असा आमचा हट्ट नाही. पाणी तापविण्याच्या बंबाला आज गॅसमुळे काम उरलेले नाही. त्यात कोणी छत्र्या ठेवल्या तर बंबाने रागावण्याचे कारण नाही. परंतु काम बदलणे आणि मान उतरविणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखण्यासाठी त्या वस्तूचे नाव आणि पूर्वीचे काम ठाऊक असावे लागते. त्या दांपत्याने उंबरठ्याचा अवमान केला नाही. त्यांना तो उंबरठा आहे हेच माहीत नव्हते. आणि माहीत नव्हते याचे कारण, ज्यांना माहीत होते त्या आमच्यासारख्यांनी ते सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दूरच्या कारैकुडीचे खांब सर्जापूर रस्त्यावर येत असताना, त्याच रस्त्याच्या मागे हळ्ळीहळ्ळींतून उरलेली जुनी घरे एकेक करून पडत आहेत. बसकी, मंगलोरी कौलांची, दारापुढे ग्रॅनाइटचा ओटा, आत तांबड्या काव्याची घोटून गुळगुळीत केलेली जमीन, उंबऱ्याशी रोज सकाळी निघणारी रांगोळी. या भूमीचे मूळ रूप म्हणून जर काही असेल तर ते हे आहे, आणि त्याकडे आपणांपैकी कोणाचे लक्ष नाही. ज्याला स्वतःच्या घराला स्वभाव हवा त्याने ज्या जागी आपण राहतो तिचा स्वभाव आधी पाहावा. तांबडी काव्याची जमीन करणारे हात अजून या भागात आहेत; ते नाहीसे होण्यापूर्वी त्यांना काम देणे हे कोणत्याही जुन्या खांबापेक्षा मोलाचे ठरेल.

शेवटी हा प्रश्न घरांवरून माणसांवर येतोच. आपण बृहन्महाराष्ट्रातली माणसे म्हणजे तरी काय आहोत? एका चौकटीतून निघून दुसऱ्या चौकटीत बसविलेले खांबच. १६३८ च्या सुमारास शहाजीराजे बंगळूरला आले तेव्हापासून या शहरात मराठी उच्चारली जात आहे. येथल्या भावसार क्षत्रियांची घरे पाहावीत. रंगाऱ्याचा आणि शिंप्याचा पिढीजात व्यवसाय करीत ही मंडळी कन्नड मुलुखात राहिली. बाहेर कन्नड आणि घरात आपली जुनी मराठी, अशी दोन्ही त्यांनी राखली. त्यांना कोणी उसने म्हणत नाही, कारण या नगराने त्यांना दत्तक घेतले आणि त्यांनीही या नगराला काम दिले, रंग दिला. परक्या जागी आपला स्वभाव टिकतो तो भिंतीवर टांगून नव्हे, तर रोजच्या कामात वापरून. भाषेला हे जितके लागू आहे तितकेच उंबरठ्यालाही आहे.

त्या घराची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी यजमानीण बाईंचा आत्याबाईंना दूरध्वनी आला. दुकानदाराकडे चौकशी केली असता तो उंबरठा बेळगावकडच्या एका पाडलेल्या घरातला, एवढेच त्यांना कळले होते. मुख्य दाराशी तो बसविण्यास इमारतीचे नियम आड येत होते. म्हणून त्यांनी लोखंडी पाय काढून तो स्वयंपाकघरालगतच्या देवाच्या कोनाड्यापुढे जमिनीवर ठेवला होता. रांगोळी त्याच्या मधोमध काढायची की कडेने, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. आत्याबाईंनी पाऊण तास उत्तर दिले. त्यात जात्याचा खुंटा कोठे बसतो, सुपाने कसे पाखडतात, हेही आले. त्या बाई ते लिहून घेत होत्या.

त्या दिवसापासून आम्हीही लिहून घेत आहो. ओसरी, सोपा, माजघर, बाळंतिणीची खोली. कोणत्या कोनाड्यात काय असे, कोणत्या तुळईला पाळणा टांगत. दत्तकात देणाऱ्याचेही काही कर्तव्य असते, ते आम्ही २००९ साली चुकविले. ते आता, उशिरा का होईना, येथे करतो. आमचा उंबरठा आज कोणाच्या घरी असेल हे आम्हांस ठाऊक नाही. पुण्यात असेल, मुंबईत असेल, कदाचित याच रस्त्यावर असेल. तो सागवानी आहे. त्याच्या उजव्या अंगास घोड्याचा नाल ठोकल्याची तीन छिद्रे आहेत. तो पूर्वेकडे तोंड करून होता. त्यावरचे माप लवंडून आमच्या घरी सात सुना आल्या. त्यांतली अखेरची आमची आई. ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी खुशाल ठेवावा. आमचे काही मागणे नाही. मात्र घरी कोणी म्हातारे माणूस आले आणि त्यावर बसावयास कचरले, तर का, ते त्यांना विचारावे.